छाती ४०, पुढचं विचारू नका

निवृत्तीनंतर माणसानं एखादा छंद लावून घ्यावा, असं जे लोक सांगतात ते स्वतः कधी निवृत्त माणसाच्या घरात राहिलेले नसतात. मी आधी बागकाम केलं, तेव्हा खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या चादरींना भरपूर शेणखत मिळालं. मग बासरी शिकायला घेतली, तेव्हा सोसायटीच्या बैठकीत पाणी आणि पार्किंग यांच्या जोडीला आणखी एक कायमचा विषय आला. आणि मग एके दिवशी माळ्यावरून आईचं पायमशीन खाली उतरवलं, तेलपाणी केलं, पट्टा बदलला आणि शिवायला बसलो. बायको म्हणाली, "हे बरं आहे. यात इजा झाली तर तुम्हालाच होईल."

सुरुवात पिशव्यांपासून केली. पिशवीचं एक छान असतं, तिला खांदा नसतो, मुंढा नसतो, पोट नसतं, आणि ती कितीही वाकडी झाली तरी तोंडावर कुणी बोलत नाही, कारण तिच्यात घालून आपण चार आंबे दिलेले असतात. आमच्या नात्यात आता माझी पिशवी नाही असं घर उरलेलं नाही. मग उशांचे अभ्रे झाले, मग मिक्सरचं झाकण, टोस्टरचं झाकण, इस्त्रीचं झाकण (ते इस्त्री थंड झाल्यावर घालायचं असतं, हे मी सांगायला हवं होतं), आणि घरातल्या चौकोनी वस्तू संपल्यावर माझी नजर स्वतःवर गेली.

त्यात भाचीचं लग्न ठरलं. हल्ली लग्नात झाडून सगळे पुरुष झब्ब्यावर जाकीट घालतात. मी जाहीर केलं, की माझं जाकीट मीच शिवणार. बायकोनं कुकरचा गॅस बारीक केला आणि नीट ऐकू आलं ना याची खात्री करून घेतली. मुलीला बंगळूरला फोन गेला. मुलगी म्हणाली, "बाबा, लग्नाचे फोटो कायमचे राहतात रे."

आता, झब्बा असता तर एवढं महाभारत झालंच नसतं. जुन्या पद्धतीचा झब्बा म्हणजे सरळ पट्ट्या, दोन बाजूंना कळ्या, बगलेत चौबगला. त्यात माणूस कुठेही असला तरी चालतं. आपले पूर्वज याबाबतीत फार धोरणी. धोतराला माप नाही, उपरण्याला माप नाही, आणि अंगात घालायच्या बाराबंदीला बारा बंद. दिवाळी झाली की बंद सैल करायचा, चातुर्मासात आवळायचा. जाकिटाला मात्र पुढे बटणं असतात आणि बटणाला जिथे काज आहे तिथेच जावं लागतं.

मापं घेतली. बायको टेप धरून, शेजारच्या वहिनी वहीत लिहायला. त्या सहज साखर मागायला आल्या होत्या आणि त्यांना हे साखरेपेक्षा बरं वाटलं. बायको ओरडली, "छाती ४०." वहिनींनी लिहिलं. "आणि पोट?" मी म्हणालो, "पुढचं विचारू नका." बायकोनं विचारण्याची वाट न पाहता सांगितलं, "४३." वहिनींनी तो आकडा लिहून त्याखाली, का कोण जाणे, दोन रेघा मारल्या.

चांगलं कापड कापण्याआधी मांजरपाटाचं जाकीट शिवून बघावं, हे मला माहीत होतं. तसं शिवलं. अंगात घातलं तर पुढची कड बेंबीकडे निघालेली आणि मागची खाली उतरून बसलेली. पोट असलं की ते पुढचं कापड स्वतःकडे खेचून घेतं, म्हणून पुढच्या भागाची लांबी वाढवून कापायची असते, हे शिंप्याच्या पोराला ठाऊक असतं, मला नव्हतं. पुढून जाकीट, मागून कोट.

ते अंगावरच दुरुस्त करावं म्हणून आरशासमोर टाचण्या घेऊन उभा राहिलो. इथे निसर्गाची एक अडचण लक्षात आली. माणसाला आपली पाठ बघायची असेल तर वळावं लागतं, आणि आपण वळलो की पाठही वळते. टाचणी लावायला हात मागे नेला की खांदा वर जातो, खांदा वर गेला की मुंढ्याला सुरकुती पडते, त्या सुरकुतीला टाचणी लावली की हात खाली येताना टाचणी जाकिटातून पुढे जाते. पुढे मी असतो. दोन्ही खांद्यांवर हा प्रयोग झाल्यावर बायकोनं आयोडिन लावता लावता सांगितलं, की यापुढे अंगावर माप जमवणं बंद.

मुलगी म्हणाली, "बाबा, ड्रेस फॉर्म घे. पुतळा. तुझ्या मापाचा पुतळा उभा करायचा, त्याच्यावर टाचायचं. त्याला दुखत नाही." बायकोनं तीन हजार रुपये मंजूर केले आणि वर अट घातली, की पुतळा हॉलमध्ये दिसता कामा नये.

निवृत्त माणूस कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी तिचा इतिहास वाचतो. मीही वाचला. १९२२ साली हॉवर्ड कार्टरला तुतनखामेनच्या थडग्यात लाकडाचा, रंगवलेला, हात नसलेला एक अर्धपुतळा सापडला. राजाचे कपडे किंवा दागिने चढवून बघायला तो असावा, असा कार्टरचा अंदाज होता. राजा अठरा-एकोणीस वर्षांचा असतानाच गेला, त्यामुळे ४३चा प्रश्न तिथे आला नाही. पुढे पॅरिसमध्ये अलेक्सी लाविन्य नावाच्या शिंप्यानं १८४१ साली शिवणकामाची शाळा काढली, ती अजून चालू आहे, आणि शिंपीकामाच्या पुतळ्याचं श्रेय त्यालाच देतात. १८६७ साली तिथेच स्टॉकमन यांनी कागदाच्या लगद्याचे पुतळे बनवायचा कारखाना काढला. ही सगळी माहिती मी जेवताना बायकोला दिली. ती म्हणाली, "आणि हे सगळे तीन हजारांत करायचे का?"

मग पुतळा बघायला पेठेत उतरलो. लक्ष्मी रोडवर, तुळशीबागेच्या तोंडाशी, रविवार पेठेच्या बोळांत आयुष्यभर फिरलो, पण दुकानांच्या दारात इतकी बिनडोक्याची माणसं टांगलेली असतात हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं. दुकानांना हँगर, स्टँड आणि पुतळे पुरवणारं एक दुकान सापडलं. मालक बशीत चहा ओतत होते.

"डमी पाहिजे."

"लेडीज, जेंट्स का किड्स?"

"जेंट्स."

"दुकान कुठं आपलं?"

"दुकान नाही. घरी पाहिजे. माझ्या मापाचा."

मालकांनी बशी खाली ठेवली. मला समोरून पाहिलं, मग काउंटरच्या कडेला येऊन बाजूनं पाहिलं, आणि फार सभ्य आवाजात म्हणाले, "काका, ह्या मापाचा डिस्प्ले कुणी लावत नाही. माल उठत नाही."

त्यांनी जो दाखवला तो फायबरचा होता. छाती ४०, इथवर आमचं जमत होतं. खाली कंबर ३०. पोटावर सहा कप्पे होते. माझ्या पोटालाही कप्पा आहे, पण एकच, आणि प्रशस्त. मी खिशातून टाचणी काढून त्याच्या बरगडीला लावून बघितली. फायबरमध्ये टाचणी जात नाही. टाचणी वाकली, मालकांची मुद्राही. मग त्यांनी मला धंद्यातलं एक गुपित सांगितलं: शोकेसमधला शर्ट पुतळ्याला इतका घट्ट आणि सुबक बसलेला दिसतो, कारण पाठीमागून चिमटे लावून तो आवळलेला असतो. एवढं कळल्यावर शहाण्या माणसानं चिमटे विकत घेतले असते आणि लग्नात भिंतीला पाठ लावून उभा राहिला असता.

मी पुढच्या बोळात गेलो. तिथे शिंपीकामाचं घाऊक सामान मिळतं. आणि तिथे तो होता. आतून कडक, वरून सुती कापड ताणून बसवलेला, त्यावर छातीची, कंबरेची आणि बरोबर मधोमध गळ्यापासून खाली जाणारी शिवण. खाली लोखंडी पाय, उंची वरखाली करायला स्क्रू. दुकानातल्या पोरानं त्याच्या खांद्यात एक टाचणी तिरकी सरकवून दाखवली. गेली. मग दोन्ही खांदे हातांनी दाबले तर ते आत गेले, म्हणजे घट्ट कपडाही वरून सहज चढतो. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिलो. किंमत विचारली. माझ्या मंजूर रकमेच्या चौपट. मी हात काढून घेतला.

पोरगं मोठं गोड. म्हणालं, "काका, कधी घ्याल तेव्हा स्वतःपेक्षा लहान घ्या. लहानाला कापूस लावून मोठा करता येतो, मोठ्याला तासता येत नाही." वाक्य साधं होतं. ते पुढे माझ्यावरच शेकणार आहे याची त्या बोळात मला कल्पना नव्हती.

उरला तिसरा प्रकार, चाव्या फिरवून लहानमोठा होणारा. माझी मावसबहीण कोथरूडला शिवणाचे क्लास घेते, तिच्याकडे तसा एक आहे; बायकी, पण पोटाला काय बायकी आणि काय पुरुषी, अशा विचारानं गेलो. छातीला, कंबरेला, नितंबाला वेगवेगळ्या चाव्या असतात, फिरवल्या की आतल्या पट्ट्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि पुतळा फुगत जातो. क्लासच्या मुली टक्स घालायच्या थांबून बघत होत्या. मी छाती ४०वर आणली. कंबर फिरवायला लागलो. ३६, ३८, ४०. पुतळा सोललेल्या मोसंबीसारखा फोडीफोडींनी सुटत चालला. दोन फोडींच्या मधल्या फटीत बोट जाईल एवढी जागा, तिथे टाचणी लावणार कशाला? त्याहून मोठी अडचण निराळीच. तो सगळ्या बाजूंना सारखा वाढत होता. माझं तसं नाही. माझा विस्तार एकाच दिशेला झालेला आहे. मागून, डावीकडून आणि उजवीकडून मी अजून कॉलेजातलाच आहे. टेपनं ४३ म्हणजे ४३, पण ते ४३ कुठे आहेत हे टेप सांगत नाही. मी आणखी जोर लावला. आतून 'टक्' असा आवाज आला.

"दादा," बहीण म्हणाली, "हात काढ."

चावी परत फिरेना. नितंब लहान, छाती बेताची, आणि मध्ये पुतळा जो फुगला तो फुगलाच. दुरुस्तीवाला येईपर्यंत तिच्या क्लासच्या मुली मॅटर्निटी गाऊन शिकल्या.

एवढं झाल्यावर मुलीनं शेवटचा उपाय सांगितला. फुकटातला म्हणावा असा. अंगात जुना घट्ट टी-शर्ट घालायचा, त्याच्यावर चिकटपट्टीचे थर द्यायचे, कडक झालं की पाठीवर उभा छेद देऊन ते कवच काढायचं, छेद पुन्हा जोडायचा, आत कापूस किंवा चिंध्या भरायच्या. झाला आपल्या मापाचा पुतळा. विज्ञान निर्दोष आहे. विज्ञानाला फक्त मी माहीत नव्हतो.

डक्ट टेप आणायला बोहरी आळीत गेलो. दुकानदारानं विचारलं, "पाईप केवढा आहे?"

"४३ इंच."

"घेर?" तो स्टुलावरून उतरला. "पाण्याचा का ड्रेनेजचा?"

मी म्हणालो, "घरचाच आहे." त्यानं चंदेरी रंगाची रिळं बांधून दिली आणि एवढ्या पाइपाला टेपनं भागणार नाही, प्लंबर बोलवा, असा सल्लाही दिला.

रविवारी सकाळी कार्यक्रम ठेवला. रक्तदान शिबिरात मिळालेला जुना टी-शर्ट मी चढवला. गळ्याभोवती डबे गुंडाळायचा पातळ प्लास्टिक कागद, म्हणजे कातडीला टेप चिकटायला नको. मुलगी मोबाइलच्या पडद्यावर, मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवलेला. बायको टेप लावायला, वहिनी तुकडे कापून द्यायला. वहिनींना आता साखरेचं निमित्तही लागत नव्हतं. पहिली पट्टी छातीच्या खाली आडवी, मग खांद्यांवरून तिरक्या, मग पोटावर छोट्या छोट्या, कारण गोलाईवर लांब पट्टी लावली की तिला चुण्या पडतात. "इथे फारच छोट्या लागतायत," बायको म्हणाली. पंखा बंद, कारण पंखा लावला की पट्ट्या उडून एकमेकींना चिकटत. मी दोन्ही हात बाजूला पसरून उभा.

"बाबा, नेहमी उभा राहतोस तसाच उभा राहा," मुलगी बरणीवरून बजावत होती.

आता मला सांगा, पुढे कायमचा पुतळा बनणार आहे हे माहीत असताना कोण नेहमीसारखा उभा राहील? इतिहासात एकानं तरी राहून दाखवलं आहे का? मी छाती किंचित पुढे काढली. पोट किंचित आत घेतलं. पहिला थर झाल्यावर ते आत घेतलेलं पोट बाहेर सोडावं म्हटलं, तर बाहेर जागाच नव्हती. दुसरा थर चढला. तिसरा उभा चढला. घाम टी-शर्टातून खाली उतरून पायजम्यात जात होता आणि श्वास गळ्याच्या वरच्या वर चालला होता.

"श्वास घ्या हो," बायको म्हणाली.

"घेतलाय."

"मग सोडा."

ते शक्य नव्हतं.

नेमकी त्याच वेळी दारावरची बेल वाजली. वहिनींनी दार उघडलं. सोसायटीचे चिटणीस, हातात रंगकामाचा कागद, माझी सही हवी. त्यांना दिसलो मी: गळ्यापासून कंबरेखालपर्यंत चंदेरी, दोन्ही हात आडवे. ते म्हणाले, "नंतर येतो." मी म्हणालो, "द्या, द्या," आणि मान, खांदे काही न हलवता फक्त मनगट फिरवून सही केली. ती सही आजही सोसायटीच्या फायलीत आहे आणि ती माझी नाही असं मी शपथेवर सांगू शकेन. संध्याकाळपर्यंत चारही मजल्यांवर बातमी गेली, की यांच्या मणक्याचं काहीतरी झालंय आणि पूर्ण पट्टा लावलाय. रात्री एकांनी गुडघ्याला लावायचं तेल आणून दिलं. त्यांना म्हणे मणक्यालाही गुण आला होता.

पाठीवर कात्री चालवायची वेळ आली. बोथट टोकाची कात्री घ्यावी असं मुलीनं सांगितलं होतं. बायकोनं दुधाच्या पिशव्या कापायची घेतली. "हलू नका," ती म्हणाली. थंडगार पातं कण्यावरून चढत वर आलं. टी-शर्ट कापला, त्याखालचा नवा बनियनही कापला, आणि मानेपाशी शेवटचं टोक सुटलं तशी माझ्यातून एवढी हवा बाहेर आली, की वहिनींच्या हातातले तुकडे उडाले. मी कवचातून बाहेर पडलो. कवच समोर टेबलावर ठेवलं. बायकोनं कवचाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे कुणाचं?" ती म्हणाली.

टेप आकसतो, असं माझं म्हणणं पडलं. छेद जोडून घेतला, खाली पुठ्ठ्याचं बूड बसवलं, आत जुन्या साड्या, विटके पंचे आणि एका गादीचा कापूस भरला. उभं राहायला बंद पडलेल्या पेडेस्टल पंख्याचा दांडा दिला, म्हणजे उंचीही कमीजास्त करता येते. बघितलं तर छाती ४०, पोट ३९. माणूस देखणा दिसत होता. मी त्याच्यावर नवं मांजरपाटाचं जाकीट बेतलं, टाचलं, धावदोरा घातला, आणि सांगायला आनंद वाटतो, की पाचही बटणं लागली. त्याला. मला लागली ती मी श्वास रोखून असेपर्यंत. एकदा लावल्यावर मी फक्त बायकोला हाक मारली, तर तिच्याआधी तिसऱ्या बटणानं ओ दिली आणि ते थेट देवघरात जाऊन पडलं.

आणि मग बायकोनं कारभार हातात घेतला. पेठेतल्या पोराचं ते वाक्य मीच तिला कौतुकानं सांगून ठेवलं होतं. तिनं हातपुसणी, जुने नॅपकिन आणि एक टर्किश टॉवेल काढला. खाली सगळ्यात लहान तुकडा, त्यावर जरा मोठा, त्यावर आणखी मोठा, असे थर पुतळ्याच्या पोटावर टाकत गेली, म्हणजे कडेला पायरी दिसत नाही, उतार राहतो. वरून माझाच एक बनियन ताणून बसवला. धंदेवाईक लोकही असंच करतात, असं मुलगी म्हणाली. पण धंदेवाईक लोक मधूनमधून टेप लावून बघत असतील. हिनं टेप हातातही घेतला नाही. मागे सरकायची, डोळे बारीक करायची, "अजून खाली हवं," असं स्वतःशीच म्हणायची आणि एक नॅपकिन सरकवायची. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटी मी टेप लावला. बरोबर ४३. मला घाम फुटला.

आता तो अगदी मी होतो. उजवा खांदा जरा खाली, कारण वर्षानुवर्षं त्याच खांद्याला ऑफिसची बॅग होती. मानेखाली थोडा बाक. आणि पुढे ते. सकाळी उठून त्या खोलीत गेलो की दचकायला व्हायचं. एकदा वहिनी दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, आज फिरायला गेला नाहीत?" उत्तर नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मग स्वयंपाकघरात जाऊन बायकोला हळूच म्हणाल्या, "भाऊजी रागावलेत का हो माझ्यावर?" आणि मी तेव्हा खरंच फिरायला गेलो होतो. पुतळ्यापायी आजवर मी एवढी धडपड केली ती कशासाठी, हे मला तेव्हा उमगलं. मला माझ्या मापाचा पुतळा हवा होता, पण माझं माप नको होतं. पेठेतला मला चालला नाही कारण तो माझ्याहून बरा होता, आणि घरचा चालेना कारण तो नव्हता.

जाकीट मात्र त्याच्यावर झालं. पुढची लांबी पाऊण इंच वाढवली, बाजूची शिवण पोटाच्या उतारावरून वळवली, बगलेत माया ठेवली, आत बकरम आणि अस्तर घातलं. लग्नात ते मी दिवसभर घातलं, बोललो, हसलो, दोनदा जिलबी घेतली, बटणं जागेवर. एका लांबच्या आत्यानं विचारलंसुद्धा, "कुणी शिवलं रे?" मी म्हणालो, "मी." ती म्हणाली, "नाही, खरं सांग."

तुम्हाला घरी शिवायची हौस असेल आणि खिसा माझ्याएवढाच असेल तर अनुभवाचं सांगतो. दुकानी डिस्प्लेच्या नादी लागू नका, त्यात टाचणी जात नाही. चावीवाला घेतलात तर मधल्या फटी आधी बघा आणि शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवू नका. पुतळा नेहमी लहान घ्या. आणि टेपचा करणार असाल तर लावणारा माणूस असा निवडा, की ज्याच्यासमोर पोट आत घेण्यात काही अर्थ नाही हे तुम्हाला माहीत आहे. माझा सगळा खर्च, टेप, मांजरपाट, कात्रीखाली आलेला बनियन आणि बहिणीच्या पुतळ्याची दुरुस्ती धरून, तीन हजारांच्या आतच बसला.

परवा मेहुणा आला होता. त्यालाही निवृत्तीचे वेध लागलेत आणि तोही आता शिवणार म्हणतो. त्यानं पुतळ्याभोवती एक चक्कर मारली, पोटावर थाप मारून पाहिली आणि म्हणाला, "भाऊजी, थोडे दिवस मला द्या की. आपली मापं तशी सारखीच."

मला ते लागलं. त्याचं पोट आणि माझं पोट एक? मी काही बोलणार एवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"घेऊन जा रे," ती भावाला म्हणाली. "फक्त वरचे दोन नॅपकिन इथेच काढून ठेव."